एक सही : कॉलेजचं गाव, गरिबी आणि गुन्हा

(मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी झालेल्या युवक-युवती शिबिरात कनिष्ठ महाविद्यालयातील एका शिक्षकाने केलेल्या भाषणाचे शब्दांकन. वक्त्याच्या विनंतीवरून गावाचे आणि संबंधित व्यक्तींचे उल्लेख नावाशिवाय ठेवले आहेत.)

 

संयोजकांनी मला फोन केला तेव्हा म्हणाले, "सर, तुम्ही अर्थशास्त्र शिकवता. गरिबी आणि गुन्हेगारी यांचा संबंध काय, हे मुलांना कळेल असं सांगा. थोडे आकडे द्या." आकडे देतो. पण त्याआधी एक गोष्ट सांगणार आहे. ती आपल्याच गावची आहे, मी तिच्यात आहे, आणि माझी बाजू तिच्यात चांगली नाही. ती मी आजवर कुठल्याही व्यासपीठावरून सांगितलेली नाही.

आधी गावाबद्दल. मराठवाड्यात अशी गावं बरीच आहेत. अंबाजोगाई घ्या, उदगीर घ्या. मोठी कारखानदारी नाही, पण कॉलेजं आहेत. अंबाजोगाईला तर 1970 च्या दशकातच ग्रामीण भागातलं वैद्यकीय महाविद्यालय आलं. आपल्या गावाचंही तसंच. आसपासच्या खेड्यांतली, वाड्या-तांड्यांवरची पोरं इथे शिकायला येतात. खोल्या भाड्याने जातात, खानावळी चालतात, अभ्यासिका भरतात. झेरॉक्सवाला, सलूनवाला, चहाच्या टपरीवाला, सगळे विद्यार्थ्यांवर जगतात. मी वर्गात नेहमी सांगतो की विद्यार्थी हे आपल्या गावाचं पीक आहे. जूनमध्ये पेरणी होते आणि परीक्षा संपल्या की रान मोकळं.

रान मोकळं झालं की काय होतं? एप्रिल-मे मध्ये खानावळी बंद होतात. पोळ्या लाटणाऱ्या बायका घरी बसतात. डबे पोचवणाऱ्या पोरांना मालक सांगतो, "जूनमध्ये ये." पगार नाही, लेखी काही नाही, रजाही नाही. घरभाडं मात्र बारा महिन्यांचं असतं. ही सगळी माणसं राहतात कुठे? कॉलेजच्या मागच्या भिंतीपलीकडे, नाल्याला लागून असलेल्या वस्तीत. तुमच्यापैकी काही जण तिथूनच आले आहेत. तिथे आपली माणसं आहेत, दलित आहेत, भटके-विमुक्त आहेत, दुष्काळात गाव सोडून आलेले मराठाही आहेत.

म्हणजे एकाच वयाची दोन पोरं आपल्या गावात रोज समोरासमोर येतात. दोघंही एकोणीस वर्षांची. एक डबा घेऊन येतो, दुसरा दारात उभा राहून डबा घेतो. कॉलेजच्या गावातली गरिबी इतर गावांपेक्षा याच कारणाने वेगळी. इथे नुसती चणचण नसते, तर आपल्याला काय मिळालं नाही हे रोज संध्याकाळी सात वाजता दार उघडून दिसतं.

आता ती गोष्ट.

2015 सालची. एका वसतिगृहातून एक मोबाईल चोरीला गेला. दोन-तीन दिवसांत कळलं की यात तीन पोरं आहेत. दोघं त्याच वसतिगृहात राहणारी आणि एक डबे देणारा. फोन उचलला वसतिगृहातल्या पोरांनी आणि विकायला नेला डबेवाल्याने. पैसे तिघांनी वाटून घेतले. हे तिघांनी कबूल केलं होतं, त्यामुळे कोणी काय केलं यावर वाद नव्हता.

मग काय झालं? वसतिगृहातल्या दोघांच्या पालकांना बोलावलं. वडील आले, चार शब्द बोलले, पैसे भरून दिले, माफीनामा लिहून दिला. "मुलांच्या करिअरचा प्रश्न आहे" असं सगळेच म्हणाले. मीही म्हणालो. डबेवाल्या पोराला पोलिसांच्या ताब्यात दिलं. त्याच्या करिअरचा प्रश्न कोणाला पडला नाही, कारण त्याला करिअर असतं हेच आमच्या डोक्यात नव्हतं.

त्याच्या अम्मी एका खानावळीत पोळ्या लाटायच्या. वडील हयात नव्हते. काही दिवसांत कोर्टाने जामीन मंजूर केला, पंधरा हजारांचा, एक जामीनदार द्यायचा. आपल्याला वाटतं, जामीन मंजूर झाला म्हणजे पोरगा घरी आला. तसं नसतं. जामीनदार म्हणजे असा माणूस ज्याच्या नावावर काहीतरी आहे. घराचा उतारा, सातबारा, नाहीतर पगारपत्रक. वस्तीत उतारा कोणाच्या नावावर आहे? अर्धी वस्ती नाल्याच्या जागेवर. तिचे नातेवाईक विटभट्टीवर. त्यांच्या हातात आधारकार्ड आणि रेशनकार्ड याशिवाय कागद नाही.

एका संध्याकाळी ती माझ्या दारात आली. मला ओळखत होती, कारण बारावीच्या जादा तासाला थांबलो की मी त्याच खानावळीत जेवायचो. म्हणाली, "सर, एक दस्तखतीचाच तो सवाल है. तुमारी पगार की चिठ्ठी चलती बोले वकीलसाहब."

मी तेव्हा दहा वर्षं विनाअनुदानित तुकडीवर काढून नुकताच पूर्ण पगारावर आलो होतो. मनात पहिल्यांदा काय आलं ते सांगतो. संस्थाचालक काय म्हणतील? स्टाफरूममध्ये बोलतील, "बघा, शेवटी आपल्या माणसाच्या मागे गेलाच." पोरगा पळाला तर पैसे मला भरावे लागतील. आणि खरं सांगायचं तर हेही मनात आलं की चोरी केलीच आहे ना, राहू दे थोडे दिवस आत, अक्कल येईल.

मी म्हणालो, "बघू."

"बघू" हा फार सोयीचा शब्द आहे. त्यात नाही म्हणावं लागत नाही. ती दोनदा आली, तिसऱ्यांदा आली नाही.

तो पोरगा जवळजवळ चार महिने जिल्ह्याच्या तुरुंगात होता, जामीन मंजूर असताना. शेवटी त्याने काय केलं? कोणीतरी आत सांगितलं की गुन्हा कबूल कर, जेवढे दिवस काढलेस तेवढी शिक्षा धरतील आणि सोडतील. त्याने कबूल केलं. सुटला. घरी आला तेव्हा सगळ्यांना वाटलं की प्रकरण मिटलं. पण कायद्याच्या भाषेत तो आता सिद्धदोष होता. पुढे एका कंपनीच्या गोदामात काम मिळत होतं, तिथे पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखला मागितला. काम गेलं. गावात कुठे मोबाईल हरवला, गाडी गेली की त्याला ठाण्यात बोलावणं आलंच. बहिणीची सोयरीक ठरत आली होती, ती मोडली. ती मोडणारे आपलेच लोक होते, पंच म्हणून मिरवणारे. दोन वर्षांनी त्याच्यावर आणखी एक गुन्हा दाखल झाला. तो खरा होता की खोटा, मला सांगता येत नाही. तेव्हा मात्र सगळे म्हणाले, "बघा, आम्ही म्हणतच होतो."

आता विषयाकडे येऊ. गरिबीमुळे गुन्हे होतात का?

उत्तर इतकं सरळ असतं तर सगळ्यात जास्त गुन्हे कोणी केले असते? बायकांनी. गरीब घरातली सगळ्यात गरीब व्यक्ती बाई असते. शेवटी जेवते, सगळ्यात कमी मजुरी घेते, तिच्या नावावर काहीच नसतं. पण देशातल्या तुरुंगांत शंभर कैद्यांमागे बायका चारच्या आसपास आहेत. आपल्या वस्तीत दोन-तीनशे घरं आहेत. पहाटे पाचला उठून खानावळ गाठणाऱ्या बायका आहेत, बारा तास रिक्षा चालवणारे आहेत, गॅरेजमध्ये हात काळे करणारे आहेत. या सगळ्यांची गरिबी सारखीच, आणि त्यातले बहुतेक जण आयुष्यात कधी पोलीस ठाण्याची पायरी चढत नाहीत. 'गरीब म्हणजे चोर' असं म्हणणं हा त्यांचा अपमान आहे. आणि 'गरीब होता म्हणून चोरी केली, काय करणार बिचारा' असं म्हणणं हाही त्यांचाच अपमान आहे. हे दुसरं वाक्य आपण सहानुभूती म्हणून बोलतो, पण अर्थ तोच निघतो.

मग संबंध नाहीच का? आहे. पण आपण शोधतो तिथे तो नाही. मला तो तीन ठिकाणी दिसतो.

पहिलं ठिकाण म्हणजे आपण गुन्हा कशाला म्हणतो. आपल्या गावात पैशांच्या हिशोबात सगळ्यात मोठा गुन्हा कोणता होत असेल? मोबाईलची चोरी? महाराष्ट्रात 1987 साली कॅपिटेशन फी घेण्यावर बंदी घालणारा कायदा झाला. म्हणजे प्रवेशासाठी डोनेशन घेणं हा गुन्हा आहे, त्याला तुरुंगवासाची शिक्षा आहे. परीक्षेतल्या गैरप्रकारांविरुद्ध 1982 चा कायदा आहे. रॅगिंगविरुद्ध 1999 चा आहे. आता हात वर करा, डोनेशन हा शब्द कोणी ऐकलेलाच नाही? कोणाचाच हात वर नाही. कॉपी पुरवणारा माहीत नसलेला कोणी आहे? आणि या तिन्ही कायद्यांखाली तुरुंगात गेलेला माणूस तुमच्यापैकी किती जणांनी पाहिला आहे? तुम्ही हसताय. मीही हसायचो. शिकलेल्यांच्या गुन्ह्याला आपण 'ॲडजस्टमेंट' म्हणतो आणि डबेवाल्याच्या गुन्ह्याला गुन्हा म्हणतो. मग तुरुंगात गरीबच दिसतात आणि आपण निष्कर्ष काढतो की गरीब लोक गुन्हे करतात.

दुसरं ठिकाण म्हणजे पकडल्यानंतरचे दिवस. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे 2022 च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत सुमारे 5 लाख 73 हजार माणसं होती. त्यांतले 4 लाख 34 हजार कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा खटला अजून संपलेला नाही, ज्यांना कोर्टाने दोषी ठरवलेलं नाही असे. शंभरातले जवळजवळ 76. आणि तुरुंगातल्या माणसांपैकी साधारण दोनतृतीयांश लोक निरक्षर किंवा दहावीच्या आतले. आता मला सांगा, दहावीच्या आतले लोकच गुन्हे करतात का? की दहावीच्या पुढचे लवकर बाहेर येतात?

आपल्या समाजाबद्दलही बोललं पाहिजे. 2011 च्या जनगणनेप्रमाणे देशात मुस्लिम 14.2 टक्के. कच्च्या कैद्यांत मात्र आपला वाटा पाचव्या हिश्श्याच्या आसपास असतो. दोषी ठरलेल्या कैद्यांत तो त्याहून कमी असतो. या फरकाचं एकच कारण नाही. पूर्वग्रह आहे, ते मी नाकारत नाही. पण उतारा नसणं, वकील नसणं, पत्ता सतत बदलत राहणं, ही कारणंही आहेत आणि ती दलित, आदिवासी, भटक्या कैद्यांनाही तशीच लागू आहेत. 2011 च्या सुमारास टाटा समाजविज्ञान संस्थेच्या विजय राघवन आणि रोशनी नायर यांनी राज्य अल्पसंख्याक आयोगासाठी महाराष्ट्रातल्या तुरुंगांमधल्या मुस्लिम कैद्यांचा अभ्यास केला. बहुसंख्य कैद्यांचा कोणत्याही संघटित टोळीशी संबंध नाही, असं त्यात दिसलं. म्हणजे टीव्हीवर दिसतो तो 'डॉन' नव्हे. आपला डबेवाला.

ही गोष्ट नवी नाही. 1978 साली सर्वोच्च न्यायालयासमोर मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या एका गवंड्याचा अर्ज आला. जामीन मंजूर होता. खालच्या कोर्टाने दहा हजारांचा जामीनदार मागितला. त्याने भावाला उभं केलं, तर भाऊ दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून नाकारला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी तो आदेश बाजूला सारला आणि एक हजारावर त्याला सोडायला सांगितलं. गवंड्याकडे दहा हजार कुठून येणार, हा साधा प्रश्न त्यांनी विचारात घेतला. पुढच्याच वर्षी, 1979 मध्ये, हुसैनारा खातून खटल्यात बिहारमधले कच्चे कैदी देशापुढे आले. गुन्हा सिद्ध झाला असता तर जेवढी शिक्षा झाली असती त्याहून जास्त वर्षं त्यातले काही जण आत होते. न्यायमूर्ती भगवती यांनी सांगितलं की लवकर खटला चालणं आणि गरिबाला मोफत वकील मिळणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. त्या खटल्याला नाव मिळालं ते आपल्यातल्याच एका गरीब बाईचं. आपल्या किती घरांत ते माहीत आहे? माझ्या घरात नव्हतं.

तिसरं ठिकाण म्हणजे शिक्का. एकदा नाव लागलं की पुसत नाही. हा शिक्का माणसावर बसतो तसा अख्ख्या जमातीवरही बसवता येतो. इंग्रजांनी 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. काही जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. हजेरी लावायची, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. सोलापूरला तारेच्या कुंपणाआड त्यांची वसाहत होती. स्वातंत्र्य 1947 ला आलं, पण हा कायदा रद्द झाला 31 ऑगस्ट 1952 ला. म्हणून त्या जमाती विमुक्त. पारधी, कैकाडी, भामटा ही नावं आपल्याला माहीत असतात. पण महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत छप्परबंदही आहेत, आणि त्यात मुस्लिम आहेत. म्हणजे हा शिक्का आपल्याही अंगावर बसलेला आहे. लक्ष्मण गायकवाड यांचं 'उचल्या' ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी ग्रंथालयातून आणून वाचा. लातूर जिल्ह्यातलं, म्हणजे आपल्याच भागातलं आयुष्य आहे ते.

आणि हा इतिहास माहीत असूनही आपण काय करतो? पारध्याची पोरं दिसली की आपलीच माणसं दार लावून घेतात. आपल्याबद्दल दुसरे जे बोलतात तेच आपण त्यांच्याबद्दल बोलतो. आधी हे थांबलं पाहिजे.

आता थोडं कडू बोलतो. मी गोष्ट सांगितली तेव्हा तुमच्या मनात डबेवाल्याबद्दल कळवळा आला असेल. पण ज्याचा मोबाईल गेला त्याचं काय? मी त्याच्याबद्दल एक शब्द बोललो नाही आणि तुमच्यापैकी कोणी विचारलंही नाही.

तो ऊसतोड कामगाराचा मुलगा होता. बापाने मुकादमाकडून घेतलेल्या उचलीतून तो फोन घेऊन दिला होता. आई-बाप सहा महिने कारखान्याच्या फडात आणि पोरगा इथे. आई-बापाचा आवाज ऐकायचं तेच एक साधन होतं. ते गेलं, तेही परीक्षेच्या तोंडावर. त्या वर्षी त्याचे दोन विषय राहिले. गरिबाने केलेल्या चोरीत बहुतेक वेळा चोरी होते ती गरिबाचीच, कारण श्रीमंताच्या घराला कुत्रा असतो, कॅमेरा असतो, वॉचमन असतो. म्हणून वस्तीतल्या गुन्ह्याबद्दल गप्प बसणं म्हणजे गरिबाची बाजू घेणं, असं समजू नका. नाल्याकडेला पोरं व्हाइटनर हुंगत बसतात, गोळ्या विकल्या जातात. ते विकणारा कोण, हे मोहल्ल्यात सगळ्यांना माहीत असतं. तो कोणाच्या लग्नात पहिल्या पंगतीत बसतो, हेही माहीत असतं. आपल्यावर अन्याय होतो हे खरं आहे, आणि हेही खरं आहे. दोन्ही एकाच तोंडाने बोलता आलं पाहिजे.

मग करायचं काय? भाषण देऊन मी गाडीवर बसून निघून जाणार नाही. चार गोष्टी सांगतो. वही काढा.

एक. कायदा माहीत करून घ्या. ज्या गुन्ह्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, तिथे पोलिसांनी लगेच अटक केलीच पाहिजे असं नाही. अटकेची गरज का आहे ते नोंदवावं लागतं, नाहीतर हजर राहण्याची नोटीस द्यायची. सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली अर्नेश कुमार खटल्यात हे ठणकावून सांगितलं. चोरीला शिक्षा तीन वर्षांपर्यंत. म्हणजे 2015 साली आपल्या पोराच्या बाबतीतही हे विचारता आलं असतं. एम. ए. झालेल्या मला ते माहीत नव्हतं. 1 जुलै 2024 पासून नवे कायदे आले आहेत. त्यात पाच हजारांच्या आतली चोरी असेल, पहिलाच गुन्हा असेल आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केली असेल, तर तुरुंगाऐवजी समाजसेवेची शिक्षा आहे. पहिल्यांदाच पकडलेल्या कच्च्या कैद्याने, जन्मठेप किंवा फाशीचा गुन्हा नसेल आणि दुसरा खटला चालू नसेल तर, कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला सोडण्याची तरतूद आहे. आणि अठराच्या आतलं पोर असेल तर त्याला लॉकअपमध्ये ठेवताच येत नाही, त्याला बाल न्याय मंडळापुढे न्यावं लागतं. वय सिद्ध करायला शाळेचा दाखला लागतो. तो घरात नीट ठेवा.

दोन. वकील फुकट मिळतो. कोठडीत असलेल्या कोणालाही, उत्पन्न कितीही असो. बाईला मिळतो, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला मिळतो, ठरावीक उत्पन्नाच्या आतल्या कोणालाही मिळतो. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात हे लिहिलेलं आहे. आपल्या तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समितीचं कार्यालय आहे. हेल्पलाइनचा नंबर 15100. पाच आकडे आहेत, आत्ता मोबाईलमध्ये टाका.

तीन. जामीन मंजूर होऊन माणूस आत राहिला तर स्वस्थ बसू नका. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये सांगितलं आहे की सात दिवसांत सुटका झाली नाही, तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं. महिनाभरात जामीनदार मिळाला नाही, तर अटी सैल करायच्या की नाही हे कोर्ट स्वतःहून पाहू शकतं. त्याच वर्षी केंद्र सरकारने गरीब कैद्यांसाठी योजना आणली. 2023 मध्ये त्यात पात्र कच्च्या कैद्याला जामिनासाठी 40 हजारांपर्यंत आणि शिक्षा झालेल्याला दंड भरण्यासाठी 25 हजारांपर्यंत मदतीची तरतूद होती. अर्ज मात्र कोणीतरी करावा लागतो. ज्या आईला वाचता येत नाही तिच्यासाठी तो तुम्ही करायचा. बी. ए., बी. कॉम. करताय ना? मग अर्ज लिहिता आलाच पाहिजे. आणि 'गुन्हा कबूल कर, सुटशील' असं कोणी सांगितलं तर आधी वकिलाला विचारा. सुटका एका दिवसाची असते, शिक्का जन्माचा असतो.

चार. ही सगळ्यात अवघड. जामीनदार व्हा. ज्यांच्याकडे पगारपत्रक आहे, घराचा उतारा आहे, अशा आपल्यातल्या लोकांनी पुढे यायचं. सगळ्यांसाठी नाही. प्रत्येक प्रकरण बघून, वकिलाला विचारून, घरच्यांना भेटून. रमजानमध्ये आपल्या गावात जकात गोळा होते. तिच्या मानकऱ्यांत कर्जात बुडालेला माणूस आहे, गुलामीतून सोडवायचा माणूस आहे. जामिनाअभावी अडकलेला गरीब त्यात बसतो का, हे तुमच्या उलेमांना विचारा. पण विचारा तरी. आणि जामीन दिला म्हणजे काम संपलं नाही. तारखेच्या आदल्या दिवशी त्याच्या घरी जायचं, सकाळी त्याला बसमध्ये बसवायचं. एप्रिल-मे मध्ये खानावळ बंद झाली की त्याला दोन महिन्यांचं काम शोधून द्यायचं. खरा बंदोबस्त तोच आहे.

यात धोका आहे, तो लपवत नाही. त्या प्रकरणानंतर मी आजवर चौघांसाठी सही केली आहे. तिघं नीट तारखांना आले. एक पळाला. मला कोर्टाची नोटीस आली आणि दहा हजार भरावे लागले. बायको आठवडाभर बोलली नाही, आणि तिचं बरोबर होतं. स्टाफरूममध्ये ज्या बोलण्याची मला 2015 साली भीती वाटत होती, तेच बोलणं ऐकायला मिळालं. ऐकलं. काही झालं नाही, नोकरी शाबूत आहे.

तुम्ही विचाराल, तो पोरगा आता कुठे आहे? दुसऱ्या जिल्ह्यात टेम्पो चालवतो, लग्न झालंय. एवढंच मला माहीत आहे. त्याच्या अम्मी अजून खानावळीत आहेत. मी दिसलो की सलाम करतात, "कैसे है सर" विचारतात. एकदाही त्यांनी तो विषय काढला नाही. मी दोन वर्षांपूर्वी माफी मागायला गेलो तेव्हा म्हणाल्या, "जाने दो सर, तुमी तो 'बघू' बोले. बाकी लोगां तो दरवाजाच नहीं खोले." त्यांना वाटलं, यामुळे मला बरं वाटेल.

बाहेर चहाच्या टेबलाशेजारी एक वही ठेवली आहे. त्यात दोन याद्या आहेत. एक जामीनदार होऊ शकणाऱ्यांची, ती आम्हा मोठ्यांसाठी. दुसरी तारखेला सोबत जाणाऱ्यांची आणि अर्ज लिहिणाऱ्यांची, ती तुमच्यासाठी. पहिल्या यादीत पहिलं नाव मी लिहिलं आहे. नाव लिहायचं तर विचार करून लिहा. नाही लिहिलंत तरी चालेल, तसं सरळ सांगा. फक्त 'बघू' म्हणू नका.